मे महिन्याचे पाणी
झाडीपट्टीतल्या फळझाडांच्या सिंचनावरील पुस्तिकेची प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात वर्षाला सरासरी बाराशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. सांगोला-आटपाडीकडच्या शेतकऱ्याला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. त्याच्याकडे याच्या निम्म्याहून कमी पाऊस, तरी डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. इथे मात्र आंब्याची शंभर कलमे लावली, तर तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती उरतील याची हमी कोणी देत नाही. कलमे नर्सरीतून आणली होती, खड्डे नियमाप्रमाणे खोदले होते, अनुदानाचा फलकही लावला होता. तरी मृगाच्या सुरुवातीला शेतात पाहावे तर काड्या उभ्या. मग सगळे मिळून एकच निष्कर्ष काढतात : ही धानाची जमीन आहे, इथे बाग होत नाही.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, एवढे सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. झाडीपट्टीत फळझाड होते. घराच्या वाडीतला आंबा, विहिरीकाठचा फणस, शिवारातले जांभूळ आणि कुठेही आपोआप उगवणारे सीताफळ याची साक्ष देतात. जंगलातल्या चारोळी, टेंभुर्णी आणि मोहाला तर कोणी तांब्याभरही पाणी घातलेले नाही. अडचण आहे ती लावलेले रोप पहिली तीन वर्षे जगवण्याची, आणि ती जितकी पाण्याच्या टंचाईची आहे तितकीच पाण्याच्या हिशेबाचीही आहे. इथला सगळा हिशेब धानाच्या मापाने होतो. झाडाचे माप निराळे आहे.

आधी टंचाई कशी आहे ते पाहू. मूलचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. ऑक्टोबरनंतर आभाळ जवळजवळ बंद. फेब्रुवारी संपता संपता ऊन तापू लागते आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. सोमनाथला बाबा आमटे यांच्या प्रेरणेने सुरू झालेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते. महाराष्ट्रभरातून तिथे येऊन गेलेल्या पिढ्यांना मूल तालुक्यातले ऊन काय असते हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यात मूल-सिंदेवाहीच्या बाजूला जमिनीखाली कठीण खडक आहे. भूजल असते ते बहुतांशी वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे दिवाळीत काठोकाठ असलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते, आणि बोअर लागली तर लागली, नाही तर पैसे गेले.

म्हणजे इथली टंचाई वर्षाची नाही, ऋतूची आहे. उलट पावसाळ्यात रोपाला पाणी नको इतके होते. बांधीच्या कडेला, सखल जागी लावलेल्या कलमाच्या बुंध्याशी ऑगस्टमध्ये आठवडाभर पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. रोप वरून हिरवे दिसत राहते आणि उन्हाळ्यात माना टाकते. आपण म्हणतो उन्हाने मेले. खरे तर ते ऑगस्टमध्येच अर्धे मेलेले असते. मे महिना फक्त शिक्का मारतो. म्हणून या पुस्तिकेत सिंचनाच्या आधी निचऱ्याचे प्रकरण घातले आहे. धुऱ्यावर किंवा बांधीलगत झाड लावायचे तर जमिनीपासून दीड-दोन फूट उंच मातीचा वरंबा करून त्यावर लावावे. हा सल्ला कोरडवाहू भागाच्या पुस्तकांत सापडत नाही, कारण तिथे त्याची गरज नाही. इथे आहे.

पाणी कमी पडते म्हणून आपल्या पूर्वजांनी हात टेकले नव्हते. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला गाव दिले आणि तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन दिली. राजा हीरशहाच्या नावाने ही परंपरा सांगितली जाते. भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत कोहळी समाजाने तलाव बांधण्याची कला पिढ्यान् पिढ्या जोपासली. जमिनीचा उतार ओळखायचा, पाळ कुठे घालायची, तुडुम कुठे ठेवायचा, जादा पाणी कुठून काढून द्यायचे, हे सगळे कागदावर एक रेघ न ओढता. पूर्व विदर्भात आजही साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपली, तलाव सरकारकडे आले, आणि देखभाल करणारा हात सैल झाला. गाळ भरत गेला, पाळी फुटल्या, नहरा बुजल्या. याशिवाय घोडाझरी, नलेश्वर, आसोलामेंढा हे इंग्रजी अमदानीतले मोठे तलाव आहेत. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाच्या उजव्या कालव्याचे पाणी आता आसोलामेंढ्यापर्यंत येते.

ही सारी व्यवस्था धानासाठी उभी राहिली, आणि ते बरोबरच होते. ऑक्टोबरात पाऊस दगा देतो, लोंबी भरण्याच्या वेळी बांधी सुकते, तेव्हा तलावाचे एक पाणी पीक वाचवते. तलावाचे काम एवढे झाले की गाव मोकळे होते. धान कापून चुरला की मंडई आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. तलावात उरलेले पाणी मासे, गुरे आणि ऊन यांच्या वाट्याला जाते. काही ठिकाणी त्यावर उन्हाळी धान घेतात. फळझाडाला तहान लागते ती नेमकी यानंतर.

आता दोन्ही मापे शेजारी ठेवून पाहा. एका एकराच्या बांधीत पाच सेंटिमीटर पाणी उभे करायचे तर सुमारे दोन लाख लिटर लागते. हे एकच पाणी झाले. नहरेत आणि धुऱ्यांतून झिरपलेले वेगळे. झाडाचा हिशेब असा : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला दहा-बारा मिलिमीटर सहज उतरते. फळझाडाला त्याच्या निम्म्याच्या आत, म्हणजे पाचेक मिलिमीटर धरले तर चालते. लहान रोपाचा घेर एक मीटर रुंद असेल तर त्याच्या सावलीची जागा पाऊण चौरस मीटरच्या थोडी वर भरते. त्याची रोजची गरज सुमारे चार लिटर. वाया जाणारे धरून दुप्पट करा : आठ लिटर. अशी शंभर रोपे म्हणजे रोज आठशे लिटर, दोनशे लिटरचे चार ड्रम. दिवाळीनंतर मृगापर्यंतचे सव्वादोनशे दिवस मोजा. हिवाळ्यात याहून कमी लागते, पण तेही सोडून द्या. बेरीज दोन लाखांच्या आतच राहते.

म्हणजे एका एकर बांधीला जे पाणी आपण एकदा देतो, तेवढ्यात शंभर रोपांचा पहिला कोरडा हंगाम निघतो. दहा मीटरवर आंबा लावला तर शंभर झाडे म्हणजे एक हेक्टर, अडीच एकर बाग. पुस्तिकेतली पुढची सगळी प्रकरणे या हिशेबावर उभी आहेत. वाचकाने तो स्वतः कागदावर मांडून पाहावा. आकडे आपल्या जमिनीप्रमाणे थोडे बदलतील, पण बांधी आणि बाग यांच्यातले अंतर बदलणार नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. झाड वाढते तशी सावली वाढते. चार मीटर घेराच्या झाडाची सावली साडेबारा चौरस मीटर. त्याच मापाने त्याला दिवसाला साठ लिटरच्या वर लागते. शंभर झाडांना सहा हजार लिटर. हे पाणी मे महिन्यात रोज देणे मूल तालुक्यातल्या फार थोड्यांना शक्य आहे. म्हणून पहिल्या तीन वर्षांत मुळे इतकी खोल नेली पाहिजेत की पुढे झाडाने आपले आपण शोधावे, आणि झाडही असे निवडले पाहिजे की ज्याची तहान मे महिन्यात नसते. ज्याच्याकडे बारमाही पाणी नाही त्याच्यासाठी सिंचनाचे निम्मे काम झाडाच्या निवडीतच होऊन जाते.

अशी झाडे आहेत. बोर एप्रिल-मेमध्ये पाने गाळते. तेव्हाच त्याची छाटणी करायची. पावसाबरोबर नवी फूट येते आणि थंडीत फळे उतरतात. सीताफळही उन्हाळ्यात पाने टाकून झोपते आणि पावसावर फुलून दिवाळीच्या सुमाराला फळ देते. आवळ्याची फळधारणा उन्हाळ्याआधी होते, पण फळ वाढू लागते पावसाळ्यात. मधल्या काळात जमलेले झाड थोडक्यात भागवून घेते. जांभूळ, चिंच, कवठ, बेल ही तर रानचीच मंडळी. आंबा यांच्या मधला आहे : जमला की काटक, पण फळ वाटाण्याएवढे झाल्यापासून त्याला पाणी दिले तर फळगळ कमी होते आणि फळ पोसते. लिंबू, संत्रे, चिकू, पेरू ही पाणी मागणारी झाडे. भरवशाची विहीर असेल तरच ती हौस करावी. नागपूरकडची संत्र्याची बाग पाहून आल्यावर मूलच्या बरडावर संत्रा लावण्याचा मोह होतो. तिथल्या बागेमागची विहीरही पाहून यावे.

पाणी कधी द्यायचे याइतकेच ते कधी द्यायचे नाही हेही महत्त्वाचे आहे. फळावर आलेल्या आंब्याला पावसाळा संपल्यापासून मोहोर येईपर्यंत पाणी तोडावे लागते. ताण बसला तर मोहोर. सतत ओल राहिली तर पालवी. धानाच्या बांधीला लागून असलेला आंबा एखाद्या वर्षी नुसताच हिरवागार राहतो, त्याचे एक कारण ही लांबलेली ओल असू शकते. उन्हाळी धानाच्या शेजारी फळबाग लावणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा.

कुठे द्यायचे हा पुढचा प्रश्न. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी बादली ओतलेली आपण नेहमी पाहतो. पाणी शोषणारी बारीक मुळे बुंध्याशी फारशी नसतात. भर दुपारी जिथे सावलीची कड पडते त्याच्या आसपास असतात. आळे तिथे करावे. लिंबूवर्गीय झाडांना तर दुहेरी आळे सांगितले जाते : आतले वर्तुळ कोरडे, बाहेरच्यात पाणी. बुंधा ओला राहिला की डिंक्या लागतो.

कसे द्यायचे यावर पुस्तिकेची सर्वांत जास्त पाने खर्च झाली आहेत, आणि इथे झाडीपट्टीचे जगणे लक्षात घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शहरातून आलेला सल्ला असा असतो : उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी संध्याकाळी पाणी द्या. आता आपला उन्हाळा पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला घर पहाटेच रिकामे होते. मे महिन्यात तेंदूपत्ता. वर्षाच्या रोख कमाईतला मोठा वाटा या तीन महिन्यांत येतो, आणि रोपाची तहानही याच महिन्यांत टोकाला जाते. पानाचे पुडके बांधून दुपारी परतलेल्या बाईने पुन्हा विहिरीवरून शंभर रोपांना घागरी वाहाव्यात, ही अपेक्षा ठेवणारी पद्धत पहिल्या आठवड्यातच मोडते.

दुसरी गोष्ट वाघाची. मूल तालुका ताडोबा-अंधारीच्या शेजारी आहे. इथे वाघाची भीती अनाठायी नाही. माणसे गेली आहेत. शेतीपंपाची वीज रात्री येणार असेल तर मोटर सुरू करायला शेतावर जायचे कोणी? सिंचनाची जी पद्धत शेतकऱ्याला अंधारात शेतात नेते ती मूल-सावली-सिंदेवाहीत बाद समजावी. मग तिची शिफारस कुठल्याही विद्यापीठाने केलेली असो. दिवसा चालणारा सौर पंप, उंचावर ठेवलेली आणि दिवसा भरून घेतलेली टाकी, किंवा चार-पाच दिवस आपोआप पाझरत राहणारे साधन, या तीन वाटा उरतात.

पाझरणारे सर्वांत जुने साधन मडके. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात जमिनीत पुरलेल्या मडक्याने पिकाला पाणी देण्याची रीत सांगितली आहे. आपल्याकडे करनालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत 1970 च्या दशकात या मडका-सिंचनावर पद्धतशीर काम झाले. रीत सोपी आहे. आठ-दहा लिटरचे, न रंगवलेले मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचे, पाणी भरायचे, वर झाकण ठेवायचे. मडक्याच्या अंगातून पाणी मातीत उतरते. माती ओली असली की पाझर मंदावतो, सुकली की वाढतो. झाड मागेल तसे मिळते. जमिनीचा वरचा थर कोरडा राहतो म्हणून तण कमी. मडके मात्र पाझरणारे हवे. कुंभाराला तसे सांगून घ्यावे आणि पुरण्याआधी भरून ठेवून पाहावे. रात्रभरात बाहेरून ओले झाले नाही तर ते या कामाचे नाही. एक-दोन हंगामांत त्याची छिद्रे बुजतात, मग बदलावे लागते. तोवर रोपाची मुळे खाली पोचलेली असतात.

दुसरे साधन आपल्या हाताशी आहे आणि आपण त्याचा या कामी फारसा उपयोग करत नाही : बांबू. दीड-दोन फुटांचा, मनगटाएवढा जाड बांबूचा तुकडा, आतली पेरे फोडून नळी केलेली, रोपाशेजारी उभी पुरायची आणि पाणी त्यात ओतायचे. ते वरच्या तापलेल्या मातीत न अडकता थेट मुळांच्या पातळीवर जाते, आणि मुळे पाण्याच्या मागे खोल उतरतात. आळ्यात ओतलेल्या पाण्याचा मोठा भाग मे महिन्यात दुपारपर्यंत उडून जातो. नळीतल्या पाण्याला ऊन लागत नाही. दोन-तीन वर्षांत बांबू कुजेल किंवा वाळवी खाईल. त्याचे कामही तेवढ्याच दिवसांचे आहे. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत बांबूच्या नळ्यांनी डोंगरावरचे झरे शेतापर्यंत आणून थेंबाथेंबाने झाडांना देण्याची व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. मूल-चंद्रपूर रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूच्या जिल्ह्यात फळझाडाच्या नळीसाठी प्लास्टिक विकत आणण्याचे कारण नाही.

तिसरे साधन ठिबक. इस्रायलमध्ये 1960 च्या दशकात ते बाजारात आले, आणि 1980 च्या दशकापासून जळगाव-नाशिककडच्या केळी-द्राक्षांनी ते महाराष्ट्रात रुजवले. इथे ते चालते, पण त्याच्या अडचणी इथल्याच आहेत. तलावाच्या पाण्यात शेवाळ आणि गाळ असतो, तेव्हा चांगल्या गाळणीशिवाय तोट्या बुजतात. उन्हाळ्यात तहानलेली रानडुकरे, माकडे आणि उंदीर नळ्या चावतात. म्हणून नळ्या मातीखाली चार बोटे दाबाव्यात. लहान बागेला मोटरचीही गरज नाही. माणसाच्या कमरेएवढ्या ओट्यावर ठेवलेला ड्रम आणि त्याखाली कमी दाबाच्या नळ्या, एवढ्यावर पन्नास रोपे भागतात.

पण कुठलेही साधन आच्छादनाशिवाय अपुरे आहे. उघड्या मातीला दिलेल्या पाण्यातला मोठा वाटा सूर्य घेतो. आच्छादनासाठी धानाची तणस आहे, पानगळीचा पाला आहे, आणि मूल हे तांदळाच्या गिरण्यांचे गाव असल्यामुळे धानाची टरफलेही आहेत. चार-सहा इंचांचा थर, बुंध्यापासून वीतभर सोडून घालावा. तणशीला वाळवी लागते, ही तक्रार खरी आहे. बुंध्याभोवतीची मोकळी जागा, कडुनिंबाचा पाला आणि अधूनमधून थर हलवणे यांनी ती आटोक्यात राहते. नैर्ऋत्येच्या बाजूला पळसाच्या फांद्यांचा आडोसा आणि खोडाला चुना हेही पाणी वाचवण्याचेच उपाय आहेत, कारण भाजलेले रोप दुप्पट पाणी दिल्यानेही सावरत नाही.

खड्डा भरतानाच पाण्याचा विचार सुरू होतो. मुरमाड बरडावर पाणी टिकत नाही, दिले तितके खाली निघून जाते. त्यावर मामा तलावाचा गाळ हा उत्तम उतारा आहे. तलाव खोल होतो आणि खड्ड्याला ओल धरणारी माती मिळते. राज्य सरकारने 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, ती मुख्यतः शेतात गाळ पसरण्यासाठी. तोच गाळ फळझाडांच्या खड्ड्यांत गेला तर एका ट्रॉलीत कितीतरी झाडे बसतात. कन्हार जमिनीत मात्र गाळ नको. तिथे उलट वाळू आणि शेणखत घालून निचरा वाढवावा लागतो. आणि जिथे शक्य आहे तिथे बोर, आंबा, सीताफळ यांचे बी किंवा खुंटरोप आधी जागेवर वाढवून वर्षा-दीड वर्षाने त्यावर कलम करावे. पिशवीत गुंडाळले गेलेले सोटमूळ जमिनीत सरळ जात नाही. जागेवर उगवलेले जाते, आणि मे महिन्यात तेच झाडाला तारते.

शेततळ्याबद्दल एक इशारा. पंधरा मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात, बाजूंचे उतार धरून, साडेचार लाख लिटरच्या आत पाणी मावते. दिवाळीपासून मृगापर्यंत त्यातले निम्म्याच्या आसपास ऊन आणि जमीन घेऊन जाते. उरलेल्यात शंभर रोपांचा हंगाम निघतो, वर फारसे उरत नाही. बरडावर अस्तर नसलेले तळे तर संक्रांतीलाच कोरडे पडते. जुन्या माणसांनी बोडी नेहमी भारी जमिनीत, सखल जागी घेतली. जागा निवडताना त्यांचे ऐकावे.

इथपर्यंत बोललो ते एकट्या शेतकऱ्याच्या हातातले. तलावाचे पाणी मात्र गावाचे आहे. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर न वाटता माणशी वाटले गेले, दर माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क मिळाला, आणि उसासारख्या पाणीखाऊ पिकाला बंदी झाली. आपल्या मामा तलावांवर इतका मोठा बदल उद्याच होईल असे नाही. पण डिसेंबरात तलावाची पातळी पाहून ग्रामसभेला एवढे तरी ठरवता येईल, की गुरांचे आणि माशांचे पाणी राखून, उन्हाळी धान लावण्याआधी गावातल्या फळझाडांसाठी इतके हात पाणी ठेवायचे. वरचा हिशेब पाहिला तर ते फार नाही. आज ही मागणी ग्रामसभेत कोणी करत नाही, कारण मागण्याइतकी झाडेच जगलेली नाहीत. झाडे जगत नाहीत कारण पाणी नाही. हे चक्र कुठून तरी तोडावे लागेल.

सरकारी योजनांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळू लागले आणि महाराष्ट्राच्या फळबागांचे क्षेत्र झपाट्याने वाढले. 2018 पासून भाऊसाहेब फुंडकर योजना आली. तिचे अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे मिळते आणि पुढचा हप्ता झाडे जगण्यावर अवलंबून असतो. ही अट चांगली आहे. गुजरातेतल्या वांसद्याच्या आदिवासी भागात मणिभाई देसाई यांच्या ‘बाएफ’ या संस्थेने 1982 च्या सुमारास सुरू केलेला वाडी कार्यक्रमही याच विचारावर उभा होता : एका कुटुंबाला एकरभर वाडी, कडेने जंगली झाडांचे कुंपण, मधे आंबा-काजू आणि सुरुवातीची वर्षे अंतरपीक. झाडे थोडी, लक्ष पूर्ण. आपल्याकडे बहुधा उलटे होते : खड्डे मोजून लक्ष्य पूर्ण होते आणि पाणी कोण घालणार हा रकाना फॉर्मवर नसतो.

कुंपणाचा विषयही सिंचनाशी जोडलेला आहे. धान निघाला की गुरे मोकळी सुटतात. भोवतालचे सगळे वाळलेले असताना पाणी दिलेले रोप हिरवे राहते, आणि मैलभरावरच्या बकरीला, रोह्याला तेच दिसते. बोराटीच्या काट्यांचे कुंपण पाण्याच्या आधी व्हायला हवे.

ही पुस्तिका मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली-चामोर्शीकडच्या धान-शेतकऱ्यांसाठी आहे. तिच्यात दिलेली मापे हा आरंभ आहे. अंतिम शब्द तुमच्या जमिनीचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये आपल्या बांधीत निराळ्या दिसलेल्या तीन लोंब्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे त्यांवर नजर ठेवली आणि त्यातून एचएमटी तांदूळ देशाला दिला. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, सवय होती. फळझाडाच्या पाण्यालाही तीच सवय लागते : कुठल्या झाडाला किती घागरी, किती दिवसांनी, वीतभर खाली माती ओली की कोरडी, हे वहीत लिहिणे. दोन उन्हाळ्यांची अशी वही या पुस्तिकेपेक्षा अधिक कामाची ठरेल.

शेवटी एकच विनंती. पावसाळ्यात रोपे मिळतात, अनुदान मिळते, उत्साह असतो. पण झाडांची संख्या पावसाळ्यात ठरवू नका. येत्या मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, आपल्या विहिरीत किंवा तळ्यात किती पाणी उरते आणि ते वाहायला घरात किती हात उरतात ते मोजा. त्यावरून रोज जितके लिटर देता येतील, त्यांना आठाने भागा. येईल तेवढीच झाडे लावा. उत्तर वीस आले तर वीसच लावा आणि विसांपैकी वीस जगवा.